‘वल्द’ म्हणजे कोणाचा? : भंडारा-गोंदिया भागातील वसाहतकालीन दप्तरे व पितृत्वाचा प्रश्न

१

पूर्वजांचा शोध घेताना कागद न सापडणे ही अडचण सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याहून बिकट अडचण कागद सापडल्यानंतर सुरू होते. एका कागदात पणजोबांच्या बापाचे नाव एक असते, दुसऱ्यात निराळेच असते आणि तिसऱ्यात बापाचा रकाना रिकामा असतो किंवा त्या जागी आईचे नाव असते. अशा वेळी बहुधा दोनपैकी एक मार्ग स्वीकारला जातो. एक कागद खरा मानून बाकीचे लेखनिकाच्या प्रमादात जमा केले जातात, किंवा कुळास उणेपणा येईल या भीतीने गैरसोयीचा कागद बाजूस सारला जातो. या दोन्ही मार्गांच्या मुळाशी एकच समज आहे. ‘बापाचे नाव’ हा रकाना जन्मदाता कोण हे सांगण्यासाठीच सर्वत्र आखला गेला, हा तो समज होय. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी करावयाची आहे. दप्तरातील ‘बाप’ हा त्या त्या दप्तराच्या प्रयोजनाने ठरतो. म्हणून बाप कोण हे विचारण्यापूर्वी प्रश्न कोणी विचारला, कशासाठी विचारला, उत्तर कोणी दिले आणि कोणत्या बोलीत दिले हे विचारले पाहिजे, असे येथे प्रतिपादन आहे.

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून निराळा झाला. त्यामुळे आमगाव, सालेकसा, देवरी, तिरोडा किंवा अर्जुनी-मोरगाव येथील कुळाचा शोध घेणारास प्रथम जुन्या भंडारा जिल्ह्याच्या दप्तराकडे वळावे लागते. त्या जिल्ह्याची सीमाही स्थिर नव्हती. १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली. १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे काही भाग काढून बालाघाट जिल्हा बनविण्यात आला. १९५६ साली भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, तर बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. परिणामी बाघ नदीच्या अलीकडे-पलीकडे पसरलेल्या एकाच कुळाच्या दोन शाखांचे कागद आज दोन राज्यांत विभागले गेले आहेत. एका शाखेचे कागद मराठीत व दुसरीचे हिंदीत, असेही त्यांचे रूप असते.

हा केवळ जिज्ञासेचा विषय नाही. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी महाराष्ट्रात २००१ चा अधिनियम क्रमांक २३ लागू आहे. त्या पडताळणीत अर्जदाराकडून वंशावळ व जुने पुरावे मागितले जातात. अनुसूचित जाती व जमातींच्या बाबतीत १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या बाबतीत १९६१ आणि इतर मागासवर्गांच्या बाबतीत १९६७ ही साले निर्णायक मानली जातात व त्यांपूर्वीच्या कागदांस विशेष वजन असते. पूर्वजाच्या नोंदीतील एका शब्दावर किती भार पडू शकतो, हे ‘गोवारी’ व ‘गोंड गोवारी’ या दोन शब्दांच्या वादाने या भागास दाखविले आहे. त्या मागणीसाठी निघालेल्या मोर्चात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मृत्युमुखी पडली आणि प्रश्नाचा न्यायालयीन निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी दिला. जे जातीच्या रकान्याचे, तेच बापाच्या रकान्याचे. महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश पणजोबांच्या नावापुढील एका ‘वल्द’वर अडून राहतो, हे या जिल्ह्यातील शिक्षकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

२

पितृत्व हा दप्तराने ठरवावयाचा विषय कसा बनतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण या प्रदेशाच्या राजकीय इतिहासातच आहे. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले हे जन्माने गुजर घराण्यातील, दुसऱ्या रघुजींच्या मुलीचे पुत्र. १८१८ साली आप्पासाहेब भोसले पदच्युत झाल्यावर त्यांस राजघराण्यात दत्तक घेऊन गादीवर बसविण्यात आले व बाजीबाचे ते रघुजी झाले. त्या वेळी दत्तकविधानाने मिळालेले पितृत्व कंपनी सरकारास पूर्ण मान्य होते. ११ डिसेंबर १८५३ रोजी रघुजी निपुत्रिक वारले. मागे राहिलेल्या राण्यांनी यशवंतरावास दत्तक घेतले. परंतु आता तेच पितृत्व सरकारास अमान्य झाले आणि १८५४ साली राज्य खालसा करण्यात आले.

दोन्ही प्रसंगी धर्मशास्त्र तेच होते आणि घराणेही तेच होते. पालटले होते ते विचारणाऱ्याचे प्रयोजन. ज्या राजवटीने पुढे या मुलुखातील गावोगावी ‘बापाचे नाव’ विचारण्यास प्रारंभ केला, तिचा या प्रदेशातील अंमलच एका पित्याचे नाव अमान्य करून सुरू झाला, ही गोष्ट अभ्यासकाने ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

३

भंडारा जिल्ह्यात बापाचे नाव नोंदविणारी दप्तरे मुख्यतः तीन प्रकारची होती. पहिले जमीनबंदोबस्ताचे. लॉरेन्स या अधिकाऱ्याचा पहिल्या नियमित बंदोबस्ताचा अहवाल १८६७ चा आहे. त्या बंदोबस्ताने मालगुजारांस मालकीहक्क दिले आणि पुढील बंदोबस्तांच्या मिसलींत गावोगावच्या रयतांची नावे नोंदली गेली. येथे सरकारास हवे होते ते दोन गोष्टींचे उत्तर : सारा कोणाकडून घ्यावयाचा आणि हक्क कोणाकडून कोणाकडे आला. मिसलीतील ‘सोमा वल्द गोविंदा’ या नोंदीचा अर्थ सोमास हा धारा गोविंदाच्या वारशाने मिळाला, इतका निश्चित आहे. गोविंदा हा जन्मदाता, दत्तक पिता किंवा पित्याच्या जागी मानलेला चुलता यांपैकी कोण, हे त्या नोंदीस सांगावयाचेच नव्हते.

दुसरे दप्तर कोतवालाच्या पुस्तकाचे. गावातील जन्म-मृत्यू कळविणे हे कोतवालाचे काम. तो बहुधा महार समाजातील असे आणि स्वतः निरक्षर असल्यास लिहिणारा हात दुसऱ्याचा असे. म्हणजे घरातील बाई किंवा सुईण, तिच्याकडून कोतवाल आणि कोतवालाकडून लेखनिक, अशा तीन मुखांतून आलेले ते वाक्य होय. बाळाचे बारसे झालेले नसल्यामुळे अनेक नोंदींत बाळाचे नाव नसतेच. अमक्यास ‘मुलगा’ झाला किंवा ‘मुलगी’ झाली एवढेच असते. त्यामुळे आज पणजोबा म्हणून पुढे केला जाणारा ‘मुलगा’ हा त्यांचा अल्पवयात वारलेला भाऊही असू शकतो. तेव्हा जन्माच्या नोंदीबरोबर त्याच घरातील पुढील पाच-सात वर्षांच्या मृत्यूच्या नोंदी वाचल्यावाचून असा पुरावा पुरा होत नाही.

तिसरे दप्तर शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकाचे. येथे मास्तरास हवा होता तो मुलास शाळेत आणणारा, त्याच्याविषयी जबाबदार असणारा माणूस. तो बाप असे, तसाच मामा, चुलता किंवा आईचा दुसरा नवराही असे. गुरुजींनी विचारलेल्या ‘नाव काय?’ या प्रश्नास जे उत्तर मिळे तेच पुढे आयुष्यभर चिकटे. कोतवालाच्या पुस्तकातील ‘महाद्या’ शाळेत ‘महादेव’ होतो आणि मिसलीत ‘महादू’ राहतो. अशा तीन रूपांमागे तीन निरनिराळी माणसे शोधणे जितके चूक, तितकेच प्रत्येक महाद्या व महादेव एकच मानणे चूक. ‘-या’ हा प्रत्यय घरगुती जवळिकीचा आहे. परंतु सरकारी दप्तरात तो ज्या नावांस लागतो व ज्यांस लागत नाही, त्यांची यादी केली असता लेखनिकाच्या मनातील सामाजिक उतरंड स्पष्ट दिसून येते.

४

आता शब्दांकडे वळू. ‘वल्द’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ पुत्र, अपत्य असा आहे. फारसी दप्तरपद्धतीतून तो मराठीत आला. मराठेशाहीच्या कागदांत ‘बिन’ व ‘वलद’ हे दोन्ही आढळतात. मध्य प्रांताच्या दप्तरात ‘वल्द’ रूढ झाला. ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा, ‘फौत’ म्हणजे मृत. हे सर्व शब्द नातेवाचक वाटतात. परंतु बोलणाऱ्याच्या घरात त्यांपैकी एकही नात्याने हाक मारण्यासाठी वापरला जात नव्हता. दप्तराची भाषा व घराची भाषा यांत जे अंतर होते, ते ओलांडताना नाते पालटण्याचा संभव होता.

हा संभव या भागात विशेष होता, कारण येथे एकाहून अधिक भाषाकुळे एकत्र नांदतात. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात येथील मराठी सातव्या खंडात (१९०५), पोवारी ही पूर्व हिंदीच्या सहाव्या खंडात (१९०४) आणि गोंडी द्राविडी भाषांच्या चौथ्या खंडात (१९०६) आली आहे. एकाच गावातील तीन शेजारी तीन खंडांत गेले आहेत. त्यांच्या उत्तरांचे टिपण मात्र एकच पटवारी एकाच लिपीत करीत होता.

‘दादा’ हा शब्द घेऊ. मराठीत तो थोरला भाऊ, हिंदीत बापाचा बाप. पूर्वेकडील छत्तीसगढीत ‘ददा’ म्हणजे बाप. सालेकसा-देवरीच्या पट्ट्यात ‘जमीन दादाची’ असे कोणी सांगितले असता, लेखनिक कोणत्या बोलीचा आहे यावर वंशावळीतील एक पिढी कमी किंवा जास्त होते. ‘नाना’ हा हिंदीत आईचा बाप. मराठीत ते वडीलधाऱ्या पुरुषाचे संबोधन आहे व विशेषनामही आहे. तेव्हा ‘नाना’ असे लिहिलेला मनुष्य या नावाचा होता की कोणाचा तरी मातामह होता, हे संदर्भावाचून सांगता येत नाही. विदर्भात बापाच्या थोरल्या भावास ‘मोठे बाबा’ व त्याच्या बायकोस ‘मोठी माय’ म्हणतात. ‘मोठे’ हे विशेषण गळाले की चुलता बाप होतो.

नात्यांच्या रचनेतही भेद आहे. गोंडांत आते-मामे भावंडांच्या विवाहास ‘दूध लौटावा’, म्हणजे दूध परत करणे, म्हणतात. जेथे असा विवाह होतो तेथे मामा व सासरा एकच असतो. मराठी सुना सासऱ्यास ‘मामंजी’ म्हणतात, त्यातही याच रचनेची खूण राहिली आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तरेच्या व दक्षिणेच्या नातेपद्धतींमधील संक्रमणप्रदेश असल्याचे दाखविले आहे. गोंदियाचा भाग हा त्या संक्रमणप्रदेशाचाही काठ होय. सासऱ्याच्या घरी राहून काम करणाऱ्या ‘लमसेना’ जावयाची मुले आजोळच्या गावच्या कागदांत आढळावीत, हे या रचनेत स्वाभाविकच आहे. त्यांचा बाप ‘बेपत्ता’ नसतो. तो दुसऱ्या कर्त्याच्या घरात मोजला गेलेला असतो.

यात आणखी एका रूढीची भर पडते. बाईने नवऱ्याचे नाव घेऊ नये, हा आपल्याकडचा जुना दंडक. विवाहादी प्रसंगी उखाण्यातून नाव घेण्याची मुभा असली, तरी कोतवालाने दारात उभे राहून विचारलेला प्रश्न हा उखाण्याचा प्रसंग नव्हे. नाव शेजाऱ्याने सांगावयाचे किंवा ‘अमक्याचे बाबा’ असे थोरल्या मुलावरून सुचवावयाचे. अशा उत्तरातून मुलाचे नाव बापाच्या जागी गेल्यास नवल नाही.

५

नावांचा साठाही वेगळा तपासला पाहिजे. जुन्या नोंदींत आडनाव पुष्कळदा नसते. व्यक्तीचे नाव, वल्द, बापाचे नाव व जात एवढाच मजकूर असतो. पोवारांतील बिसेन, पटले, टेंभरे, रहांगडाले, कटरे इत्यादी कुळनामे लग्नसंबंध ठरविताना सर्वांच्या जिभेवर असत. कारण सगोत्र विवाह टाळावयाचा असे. सारा वसूल करताना त्यांची गरज नव्हती. आडनावाचा अभाव हा कुळाच्या अभावाचा पुरावा ठरत नाही.

त्यातून वारावरून व महिन्यावरून ठेवलेली नावे, जसे सोमा, मंगरू, बुधा, शुक्रू, फागू, चैतू, ही प्रत्येक गावात अनेकांची असत. मुले जगत नसली तर दृष्ट लागू नये म्हणून धोंड्या, कचरू, दगडू, भिका अशी नावे ठेवीत. अशा नावाने मुलगा ओळखता येण्यापेक्षा तो मृत्यूच्या नजरेतून सुटावा, हा हेतू असे. दप्तराच्या नजरेतूनही तो तसाच निसटतो. मात्र हे नाव भाषाभ्यासकास निराळी साक्ष देते : या घरात आधीची मुले दगावली होती. अशा वेळी कोतवालाच्या पुस्तकातील मागील वर्षांच्या मृत्यूनोंदी पाहाव्यात.

मोडी लिपीमुळे आणखी एक पडदा येतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार व उकार यांचा भेद केला जात नाही, अनुस्वार पुष्कळदा गाळला जातो आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. म्हणून मोडीतील नोंदीचे बालबोध लिप्यंतर ही प्रत नसून वाचकाने लावलेला अर्थ असतो. पडताळणीत लिप्यंतराबरोबर मूळ पानाची छायाप्रत पाहण्याचा आग्रह का धरावा, याचे कारण हेच.

६

एवढ्या विवेचनानंतर नमुन्यादाखल एक काल्पनिक प्रकरण घेऊ. एका मुलाविषयी तीन कागद आहेत. कोतवालाच्या पुस्तकात १९१५ साली ‘गोविंदा यास मुलगा झाला’ अशी नोंद आहे. शाळेच्या पुस्तकात १९२२ साली ‘सोमा महादू’ दाखल झाला आहे. त्याच सुमाराच्या जमिनीच्या कागदात ‘सोमा वल्द गोविंदा, अज्ञान, पालनकर्ता चैतू’ असे आहे. वरवर पाहता एका मुलास दोन बाप व एक पालक झाले. एखादा अर्ज फेटाळला जाण्यास एवढी विसंगती पुरेशी आहे.

आता प्रत्येक दप्तराचे प्रयोजन लावून पाहावे. १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीने या प्रांतात अतोनात मनुष्यहानी केली. गोविंदा त्या साथीत वारला असे धरू. येथील बहुतेक शेतकरी जातींत विधवेचा पाट लागत असे. तिने महादूशी पाट लावला व मूल बरोबर नेले. शाळेत त्यास महादूने नेले, म्हणून तेथे महादू. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याप्रमाणे पुनर्विवाहाने विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क संपे. मुलाचा हक्क मात्र कायम राही. म्हणून जमिनीच्या कागदात ‘वल्द गोविंदा’ टिकला आणि शेत सांभाळण्यास चुलता चैतू पालनकर्ता झाला. आता तिन्ही कागद खरे ठरतात. त्यांच्यातील विसंगती हीच एका कुटुंबाची कथा आहे. तीत एक मृत्यू, एक पाट व एका अज्ञान मुलाचे रक्षिलेले शेत आहे. एक कागद ‘चुकीचा’ ठरविला असता ही कथाच नाहीशी झाली असती.

असे प्रत्येक प्रकरण सुटेल असे मात्र नाही. १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांचा तडाखा या जिल्ह्यास असा बसला की, १८९१ मधील सुमारे ७ लक्ष ४३ हजारांची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे ६ लक्ष ६३ हजारांवर आली. त्या दशकात घर सोडून गेलेल्यांचे, दुसऱ्यांच्या दारी वाढलेल्या मुलांचे दुवे कागदाने जोडता येण्याजोगे राहिले नाहीत. तेथे भाटांच्या पोथ्या, गोंडांच्या परधानांची गायनपरंपरा, प्रयाग-गयेच्या पंड्यांच्या वह्या यांचा आधार घ्यावा; परंतु त्यांनाही तोच प्रश्न विचारावा. भाटाचा यजमान बिदागी देणारा असतो व त्याच्या पोथीस वंश अखंड दाखवावयाचा असतो. दप्तर पिढी गाळते, पोथी पिढी भरून काढते.

७

कायद्याने या बाबतीत इतिहासकारापेक्षा अधिक सावधपणा दाखविला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ११२ व्या कलमाने विवाह चालू असताना, किंवा तो संपल्यापासून २८० दिवसांच्या आत व आई अविवाहित असताना, जन्मलेले मूल हे त्या पतीचे औरस अपत्य असल्याचा निर्णायक पुरावा मानला. पतिपत्नींचा परस्परसंपर्क शक्यच नव्हता असे दाखविल्यासच त्यास अपवाद होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद ११६ व्या कलमात आहे. रक्ताचा शोध घेण्याचे नाकारून कायदा येथे मुलाचे रक्षण करतो. त्याच कायद्याने मृत व्यक्तीचे नात्याविषयीचे विधान ग्राह्य मानले, परंतु वाद उत्पन्न होण्यापूर्वी ते केलेले असावे अशी अट घातली. ही अट संशोधकानेही स्वीकारावी. लाभ-हानीचा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वी, दुसऱ्याच कामासाठी लिहिलेली नोंद ही सर्वांत बोलकी नोंद होय.

या दृष्टीने बापाच्या जागी आईचे नाव असलेली नोंद दडविण्याचे कारण उरत नाही. ती स्वतः धारा करणारी बेवा असेल, पाट लावलेली असेल, परागंदा झालेल्या मजुराची बायको असेल, किंवा पुरुषाने नाव न दिलेल्या मुलाची आई असेल. यांपैकी शेवटच्या शक्यतेच्या भीतीने आधीच्या तीन पुसून टाकल्या जातात, आणि त्यांच्याबरोबर ती बाईही पुसली जाते. ‘जौजे’ या शब्दामागे निनावी राहिलेल्या असंख्य स्त्रियांपैकी हीच काय ती नावानिशी दप्तरात उरलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली आंतरजातीय विवाहातील अपत्याची जात केवळ पित्यावरून निर्णायकपणे ठरत नाही, त्याचे संगोपन कोठे व कसे झाले हे पाहिले पाहिजे, असे म्हटले. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव अंतर्भूत करण्याचे ठरविले. जो रकाना शंभर वर्षे कोरा होता तो आता भरला जाऊ लागला आहे.

आपल्या विभागातील जे विद्यार्थी या दप्तरांवर काम करू इच्छितात, त्यांनी प्रत्येक नोंदीच्या टिपणात पाच गोष्टी अवश्य लिहाव्यात : नोंदीचे प्रयोजन, सांगणारा, लिहिणारा, सांगणाऱ्याची बोली आणि मूळ लिपी. इतके करूनही पित्याचे नाव मिळाले नाही तर ‘अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे. साखळी पुरी दिसावी म्हणून जवळचा एखादा गोविंदा किंवा महादू उचलून तेथे बसवू नये. तसे करणे हा खऱ्या सोमावर अन्याय आहे; आणि ज्या दुसऱ्या कुळाचा तो गोविंदा होता, त्या कुळाचा पूर्वज आपण नकळत हिरावून घेत असतो.